गाडी कोणाच्या हाती द्यायची

गाडीची मोफत सर्व्हिसिंगची मुदत संपली आणि घरातल्या पुरुषांना एकाच दिवशी जबाबदारीची जाणीव झाली.

तोवर गाडीकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. गाडी चालवायची ती सून. सकाळी सासऱ्यांना बागेपाशी सोडायचं, नवऱ्याला ऑफिसच्या फाटकाशी उतरवायचं आणि मग आपल्या दवाखान्याकडे वळायचं, हा तिचा रोजचा रस्ता. नवऱ्याकडे लायसन्स होतं. पण तो गाडी मागे घ्यायला लागला की शेजारीपाजारी कामं टाकून खिडकीत येत. त्यामुळे "मला ट्रॅफिकचा कंटाळा येतो," असं त्याने एकदाच जाहीर करून स्टिअरिंगची कायमची रजा घेतली होती. तरीही गाडी चालवणं वेगळं आणि गाडीतलं कळणं वेगळं, यावर घरात एकमत होतं. तिचं मत अर्थात कोणी मोजलं नव्हतं.

रविवारी सकाळी बैठक बसली. मुद्दाम नणंदेच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, बोलावून घेतलं होतं. यंत्रांच्या बाबतीत भावोजींचा शब्द घरात शेवटचा. तरुणपणी ते मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. होते हिशेबखात्यात, पण रोज फाटकातून आत जाताना यंत्रांचा वारा लागतच असणार, अशी सगळ्यांची समजूत होती आणि भावोजींनी ती कधी दूर केली नव्हती.

"कंपनीच्याच वर्कशॉपला द्यायची," सासरे म्हणाले. "मोठी जागा, मोठं नाव. ते कशाला फसवतील?"

"बाबा, मी रिव्ह्यू वाचलेत," नवरा मोबाइल वर करून म्हणाला. "सगळ्यांना साडेचार तारे आहेत. वर्कशॉपलाही, समोरच्या पंक्चरवाल्यालाही."

भावोजी नुसते हसले. ज्याला आतलं माहीत असतं तो जसा हसतो, तसे. "जावईबापू, तुम्ही बोला," सासरे म्हणाले.

"माझा एक माणूस आहे," भावोजी म्हणाले. "मास्टर म्हणतात त्याला. गाडीला हात लावत नाही. नुसता ऐकतो."

ऐकण्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकावं, असं तिला वाटलं. "ब्रेक दाबला की पुढून डावीकडे काहीतरी घासल्यासारखा आवाज येतो. बरेच दिवस येतोय."

"मला तर कधी ऐकू आला नाही," सासरे म्हणाले.

हे अगदी खरं होतं. तिचा धंदाच कानांचा होता. दवाखान्यातल्या छोट्या आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. सासऱ्यांनाही तिने तिथे बसवलं होतं. बराच वेळ ते बटणावर अंगठा ठेवून देवासारखे स्वस्थ बसून राहिले. कान तपासायला हवेत हे त्यांना पटलं नाही, यंत्र तपासायला हवं हे मात्र पटलं. बागेत हल्ली पक्षीच कमी झालेत, असंही ते अधूनमधून सांगत.

"अगं, गाडी आहे," नवरा म्हणाला. "आवाज करणारच."

"वहिनी, ब्रेक नवे असले की बोलतात," भावोजींनी समजावलं.

"नवे कुठे आहेत? गाडीबरोबर आलेले आहेत."

"मग जुने झाल्यामुळे बोलत असतील."

यावर सगळ्यांनी मान डोलावली आणि आवाजाचा विषय संपला. वयाचा मान म्हणून पहिली पाळी सासऱ्यांच्या वर्कशॉपला मिळाली. गाडी नेऊन द्यायचं काम कोणाचं, यावर चर्चा झाली नाही.

तिच्या दवाखान्यातली स्वागतिका या बाबतीत पोळलेली होती. तिने एक युक्ती सांगितली. "हवेच्या फिल्टरवर कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका दे. बदलला म्हणाले की उघडून बघायचं." बॉनेटखालच्या डब्याच्या दोन क्लिपा तर काढायच्या होत्या. तिने आदल्या संध्याकाळी ठिपका दिला. गडद जांभळा.

वर्कशॉप म्हणजे काच, काच आणि काच. एका काचेआड सोफे, कॉफीचं यंत्र आणि आवाज बंद केलेला टीव्ही. दुसऱ्या काचेपलीकडे गाड्या. मधे टाय बांधलेला सल्लागार. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"सर पार्किंगमध्ये आहेत का, मॅडम?"

"सर ऑफिसात आहेत. ब्रेक दाबला की पुढून डावीकडे आवाज येतो. लिहून घ्या."

"नक्की मॅडम," तो म्हणाला आणि लिहून घेतल्यासारखं करून त्याने टॅबवर बोट फिरवलं. "आधी सरांचा नंबर द्या ना."

ती कॉफीचा कप घेऊन सोफ्यावर बसली. थोड्या वेळाने काचेपलीकडे सल्लागार फोनवर बोलताना दिसला. तो हसत होता, मान हलवत होता. त्याच वेळी तिच्या मोबाइलवर नवऱ्याचा मेसेज आला: "मी सगळ्याला हो म्हटलंय. माणूस सज्जन वाटतो." नंतर कळलं की सज्जन माणसाने विचारलं होतं, "सर, मॅडम म्हणतात आवाज येतो, आम्हाला तर काही आला नाही. मग काय लिहू?" आणि सरांनी, जे गाडीत असताना डोळे मिटून पॉडकास्ट ऐकतात, सांगितलं होतं, "काही लिहू नका."

संध्याकाळी गाडी धुऊन पुसून मिळाली. आत अत्तराचा फवारा, पायाखाली कागद.

"फिल्टर बदलला, ब्रेक तपासले, एकदम उत्तम," सल्लागार म्हणाला.

तिने तिथेच बॉनेट उघडलं, क्लिपा काढल्या आणि फिल्टर वर उचलला. कोपऱ्यात जांभळा ठिपका तिच्याकडे पाहत होता.

"हा नवा आहे?"

सल्लागाराने वाकून ठिपका पाहिला. क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. पण प्रशिक्षण वाया गेलं नव्हतं. "मॅडम, कधी कधी कारखान्यातूनच असे डाग येतात."

"माझ्या नेलपॉलिशच्या रंगाचे?"

"बॅच बॅचवर असतं, मॅडम."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा हसणारी ती एकटीच होती. नवरा विचारात पडला. "म्हणजे कारखान्यातच काहीतरी गडबड आहे. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं तरी." सासरे दुखावले होते. त्यांना फिल्टरचं काही नव्हतं. "असं परीक्षा घेतल्यासारखं वागू नये, सूनबाई," ते म्हणाले. "मोठ्या ठिकाणी आपलीच शोभा होते."

आवाज तसाच होता. उलट अत्तराच्या वासात तो जास्तच स्पष्ट ऐकू येत होता.

आता मास्टरची पाळी. भावोजी स्वतः बरोबर आले, पुढे तिच्या शेजारी बसले आणि ती रोज ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने कसं जायचं ते सांगत राहिले. मास्टरचं गॅरेज मोठ्या रस्त्याच्या मागे होतं. मास्टर खुर्चीवर बसला होता. कपड्यांवर ऑइलचा एक डाग नाही, बोटांत अंगठ्या. त्याने भावोजींना पाहून एक हात वर केला. तिला पाहून काहीच वर केलं नाही.

"इंजिन चालू करायला सांगा," तो भावोजींना म्हणाला.

"वहिनी, चालू करा," भावोजींनी पुढे सांगितलं. तिच्यात आणि मास्टरमध्ये एक हाताचंही अंतर नव्हतं.

मास्टरने डोळे मिटले. मान एका बाजूला कलती केली. आजूबाजूला कामं करणारी माणसं थांबली. भावोजींनी श्वास रोखून धरला. शेजारून एक ट्रक भोंगा वाजवत गेला, पण मास्टरची समाधी भंगली नाही.

"दमलंय," अखेर तो म्हणाला.

"काय दमलंय?" तिने विचारलं.

"इंजिन दमलंय," मास्टरने भावोजींना सांगितलं. "बाईमाणसं हळू चालवतात ना, गाडी आतून कोंडते."

"मी म्हटलं नव्हतं?" भावोजी म्हणाले. त्यांनी तसं कधीच काही म्हटलं नव्हतं.

"ब्रेकचा आवाज उभ्या गाडीत कसा येईल?" ती म्हणाली. "चालवून बघा ना. मी दाखवते."

मास्टरने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. लहान मूल मोठ्यांच्या गप्पांत बोललं की पाहतात, तसं. "डॉक्टर पेशंटला पळवून बघतो का?" तो भावोजींना म्हणाला. भावोजींना हे इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ते हे वाक्य जागोजाग वापरत होते. एकदा तर हृदयाच्या डॉक्टरांसमोर वापरलं. डॉक्टर त्या वेळी त्यांना धावत्या पट्ट्यावर चढवतच होते.

गाडी मास्टरकडे राहिली. परत आली तेव्हा इंजिनात काय काय बदललं त्याची यादी भावोजी तोंडपाठ म्हणून दाखवत होते. गाडी चालू केली की आता बॉनेटखालून एक नवा खडखडाट येत होता.

"ऐका!" भावोजी म्हणाले. "आता कसं मोकळं बोलतंय!"

आणि पहिल्या चौकात तिने ब्रेक दाबला, तर जुना आवाजही जागच्या जागी होता. आता तिच्याकडे दोन आवाज झाले.

तिला राग आला तो या खडखडाटाचा नव्हे. दिवसभर ती लोकांना विचारत असे, आला का आवाज? लोक म्हणत, नाही आला, आणि ती त्यांचं ऐकून उपाय करत असे. तिला मात्र आवाज येत होता, आणि ज्यांना येत नव्हता ते सगळे मिळून तो नाहीच म्हणत होते. त्या दिवशी ऑफिसच्या फाटकाशी नवरा उतरला, तेव्हा रोजच्यासारखं "संध्याकाळी भेटू" न म्हणताच तिने गाडी पुढे काढली.

त्याच आठवड्यात दवाखान्यात एक माणूस आला. आला म्हणजे त्याच्या मुलीने धरून आणला. पत्रे ठोकण्यात आणि गाड्या खोलण्यात हयात गेलेली, त्यात कान गेलेले. स्वतःचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव खवट ठेवलं होतं, आणि ते का, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही.

"मशीन लावणार नाही," हेडफोन काढता काढता तो ओरडला. ऐकू कमी येत असल्याने त्याला वाटायचं तो हळूच बोलतोय. "आयुष्यभर गिऱ्हाइकांची बडबड ऐकली. आता कुठे सुख लागलंय."

"मग गाडीतले आवाज कसे ऐकता?"

"नाही ऐकत. चाक काढतो आणि बघतो. डोळे आहेत ना अजून!"

ती हेडफोन जागेवर ठेवून वळली. मग म्हणाली, "माझ्या गाडीचं चाक काढून बघाल?"

"कुठलं?"

"पुढचं डावं."

"का?" त्याने विचारलं. गाडीच्या बाबतीत तिला कोणी 'का' विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजवर गेली. जागा अंधारी, अस्ताव्यस्त. बसायला खुर्ची होती, पण तिच्यावर रेडिएटर बसला होता. खवटाने तिला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली नाही. तो बाजूला बसला, तिला चालवायला सांगितलं आणि म्हणाला, "आवाज आला की हात वर करा." तिने ब्रेक दाबला आणि हात वर केला. पुन्हा दाबला, पुन्हा वर केला. रोज लोकांकडून बटण दाबून घेणारी बाई आज स्वतः हात वर करत होती आणि शेजारचा माणूस तिच्या हातावर विश्वास ठेवत होता.

जॅक लावून त्याने चाक काढलं. ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांच्यामध्ये एक खडा अडकला होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. खवटाने तो काढून तिच्या तळहातावर ठेवला. मग ब्रेक पॅडवर बॅटरीचा उजेड टाकला आणि शिवी हासडली.

"हे कोणी तपासले म्हणालात?"

"कंपनीच्या वर्कशॉपने. एकदम उत्तम आहेत म्हणाले."

"उत्तम होते. आता संपलेत." त्याने नवे पॅड बसवले. बॉनेट उघडून मास्टरने सैल सोडलेला एक पत्राही आवळला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येऊन त्याच्याशी हुज्जत घालायला लागलं, भांडण चांगलंच रंगलं, आणि त्या धांदलीतच त्याने चाक चढवून गाडी खाली सोडली. ती घरी निघाली तेव्हा गाडीत काहीही ऐकू येत नव्हतं. घर अगदी जवळ होतं, पण ती शांतता पुरवून पुरवून ऐकायला ती मुद्दाम हळू गेली.

घरी आल्यावर तिने खडा जेवणाच्या टेबलावर ठेवला. "हा तुम्हाला न ऐकू आलेला आवाज," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने खडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "असेल कालच अडकलेला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भावोजी जेवायला आले होते आणि खड्याची सगळी हकीकत नाक मुरडत ऐकत होते. इतक्यात तिचा फोन वाजला. पलीकडून खवटाचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला.

"गाडी कुठे आहे?"

"खाली. का?"

"हलवू नका! कोणाला हात लावू देऊ नका! माझ्याकडून चूक झालीय. चाकाचे नट हाताने लावले, आणि त्या माणसाशी भांडताना शेवटचे आवळायचे राहिले असं वाटतंय. मला आठवत नाही. मी येतोय."

तो पाना घेऊन आला तेव्हा सगळे पार्किंगमध्ये जमले होते. तो थेट चाकापाशी बसला, पाना लावला. दोन नट सैल निघाले. त्याने सगळे आवळले, मग पुन्हा एकदा सगळे आवळले. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काल तुम्ही याच चाकावर घरी आलात," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खरंच हळू होता. "काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. पुढच्या वेळी माझ्याकडे यायचं की नाही ते तुम्ही ठरवा." आणि तो निघून गेला.

फाटक बंद व्हायच्या आत भावोजींना कंठ फुटला.

"बघितलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय! असल्या माणसाच्या हाती गाडी देतात?"

"जीव गेला असता," सासरे म्हणाले. या बाबतीत त्यांचं चुकलं नव्हतं.

"मास्टरकडे मी इतकी वर्षं जातोय," भावोजी म्हणाले. "एकदा तरी असा फोन आलाय? एकदाही नाही!"

"वर्कशॉपचाही कधी आला नाही," नवऱ्याने दुजोरा दिला. "कारण त्यांच्याकडे पद्धत असते."

ती चाकाकडे पाहत उभी होती. कालच्या रस्त्यावरचा उतार तिला आठवला. खवटावर तिला चिडायचं होतं आणि ती चिडलीही. पण भावोजींचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. इतक्या वर्षांत एकदाही फोन नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "मास्टरच्या हातून कधी चूक झाली असेल का हो?"

"छे!"

"नवा खडखडाट कुठून आला होता मग?"

"तो गाडीचा स्वभाव," भावोजी म्हणाले.

"आणि जांभळा ठिपका?"

नवरा बोलणार होता. बॅच, असं काहीतरी ओठांवर आलंही असावं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ते गिळलं.

"ठरलं," ती म्हणाली. "गाडी खवटाकडे जाणार. नट मी त्याच्यासमोर उभी राहून आवळून घेणार, आणि तो कोणाशी भांडत असेल तर भांडण संपेपर्यंत थांबणार. पण माझ्याशी खोटं बोलणाऱ्यांच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"घरात विचारायची काही पद्धत?" सासरे म्हणाले.

"बाबा, ज्याला ज्याच्याकडे न्यायची त्याने त्याच्याकडे न्यावी," ती म्हणाली. "चालवत न्यावी मात्र." किल्ली तिने पुढे धरली. कोणीच ती घेतली नाही. नवऱ्याने तर हात मागे बांधले.

तेव्हापासून गाडी खवटाकडे जाते. घरच्या पुरुषांच्या मते ती भोळी आहे आणि एक दिवस पस्तावेल. भावोजींची स्वतःची गाडी मध्यंतरी धूर ओकायला लागली. मास्टरने डोळे मिटून सांगितलं की हल्ली पेट्रोलच खराब येतं. भावोजी ते इतक्या अभिमानाने सांगत होते, जणू पेट्रोल त्यांनीच पकडून दिलं होतं.

सासऱ्यांनी मात्र एक दिवस बागेपाशी उतरताना, इकडेतिकडे पाहत, तिला विचारलं, "त्या तुझ्या यंत्राची दुरुस्ती झाली का? झाली असेल तर येऊन बसेन म्हणतो."

"कालच झाली," ती म्हणाली.

उन्हाळा लागला तसा गाडीतला एसी गरम हवा फेकायला लागला. ती खवटाकडे गेली. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकावला आणि दाणकन बंद केलं.

"एसीतलं मला कळत नाही. दुसरीकडे न्या."

"कोणाकडे नेऊ? भरवशाचा माणूस सांगा ना कोणीतरी."

खवटाने कोपऱ्यात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे बोट दाखवलं. तिच्या चारही काचा पार खाली उतरवलेल्या होत्या.

"माहीत असता," तो ओरडला, "तर मी असा उकडत हिंडलो असतो का?"